रेघेवरची चार घरे

वेधशाळेच्या नकाशाखोलीला दोन खिडक्या होत्या. दक्षिणेची सताड उघडी असायची आणि उत्तरेच्या खिडकीला जाड पडदा. उत्तरेला डोंगर होता. साहेबांचे म्हणणे असे, की डोंगर दिसला की माणसे हातातले काम टाकून त्याच्याकडे बघत बसतात. तो काय करतो आहे ते शेजारच्या खोलीतल्या सुया सांगतील, आपण आपल्या शाईकडे बघावे. साहेब म्हणजे भूवैज्ञानिक, वेधशाळेचे प्रमुख. सुया म्हणजे फिरत्या रिळावरच्या कागदावर जमिनीची थरथर उमटवणाऱ्या. आणि मी नकाशे शाईत काढणारी.

तेव्हा नकाशा कापडासारख्या पारदर्शक कागदावर काढत. रेघ चुकली तर ब्लेडने हलकेच खरवडायची, त्यावर नख फिरवून जागा गुळगुळीत करायची, मग परत शाई. हाताचा घाम कागदाला लागू नये म्हणून मनगटाखाली रुमाल. मला ते काम सोडून किती काळ लोटला, पण अजूनही काही लिहायला बसले की आधी रुमाल शोधते. घरातली पोरे हसतात.

आमचा डोंगर लांबून फार देखणा होता. उभा, निमुळता, चित्रात काढावा तसा. नवीन आलेल्या माणसाला साहेब त्याची कुंडली समजावून द्यायचे, तेव्हा मी टेबलावर मान खाली घालून सगळे ऐकत असे. हा एकसंध दगड नव्हे, म्हणायचे. एकदा राख पडते, एकदा लाव्हा येतो, पुन्हा राख, पुन्हा लाव्हा, असा थरावर थर रचून तो उंच झाला आहे. याचा लाव्हा घट्ट. लांब वाहत जात नाही, तोंडाशीच थिजतो, म्हणून उतार असा उभा. आणि घट्ट असल्यामुळे त्यातला वायू सुटत नाही, आत कोंडून राहतो आणि एक दिवस सगळे उडवून देतो. पातळ लाव्हाचे डोंगर वाहतात, हा फुटतो.

गावातले लोक आगीला भ्यायचे. साहेब चिखलाला भ्यायचे. तापलेल्या राखेचा लोट फार तर मधल्या टेकड्यांपर्यंत येईल, गाव त्याच्या पलीकडे आहे, असे त्यांचे मत. छपरावर पडलेली राख वजनाने छप्पर पाडू शकते, पण ती झाडता येते. खरी भीती डोंगराच्या अंगावर साठून राहिलेल्या राखेची. तिच्यावर वर मोठा पाऊस झाला की ती सुटते आणि नदीच्या पात्रातून ओल्या सिमेंटसारखी खाली येते, धोंडे आणि उभी झाडे घेऊन. गावात त्या वेळी ऊनही पडलेले असेल.

या चिखलाच्या लोटाचा नकाशा काढायचा असे ठरले. आणि त्यातच माझी आत्या अडकली.

आई गेल्यावर मला आत्यानेच वाढवले. तिचे घर नदीकडच्या गल्लीत. आतोबा छत्र्या दुरुस्त करायचे. ते गेल्यावर तिने तेच काम पुढच्या खोलीत चालू ठेवले. आमच्या गावात छत्री पावसापेक्षा राखेसाठी जास्त लागे. राख पिठासारखी दिसते, पण असते काचेची. ती छत्रीच्या काड्यांच्या सांध्यांत बसते आणि कापडाला घडीवर चिरते. आत्या शिवणयंत्रावर बसून नवे कापड चढवायची. डोंगर खोकला की माझी चूल पेटते, असे ती म्हणायची, आणि हे बोलताना खोकल्याची नक्कलही करायची.

नकाशासाठी साहेबांनी सबंध उन्हाळा फावडे घेऊन लोकांच्या परसात घालवला. कोणी विहीर खणत असो की पाया, साहेब तिथे हजर. आत्याच्या परसात पाण्याच्या टाकीसाठी खड्डा चालू होता, त्यात ते चांगल्या पँटसकट उतरले. आत्या वर कमरेवर हात ठेवून उभी. म्हणाली, साहेब, उतरलाच आहात तर हातभर खणूनही द्या. त्यांनी खरेच थोडे खणले. मग मला आत बोलावून थर दाखवला. मातीच्या पोटात करडी पट्टी, तिच्यात गोटे आणि कोळशाचे कण. फार जुन्या काळी आलेला चिखल. खड्ड्याच्या नदीकडच्या भिंतीत ती पट्टी गुडघ्याएवढी होती आणि रस्त्याकडच्या भिंतीत उतरत उतरत वीतभर.

"म्हणजे तो इथवर येऊन दमला," साहेब म्हणाले.

तेवढ्यावर, आणि अशाच दुसऱ्या खड्ड्यांवर, त्यांनी पेन्सिलीने रेघ ओढली. मी ती शाईत काढली. धोक्याच्या रेघेला आमच्याकडे ठरलेली जाड निब वापरत. त्या नकाशाच्या मापात ती रेघ एका घराला परसासकट झाकेल एवढी रुंद होई. आमच्यात कोणाला त्यात काही वावगे वाटत नसे. रेघेची बाहेरची कड म्हणजे हद्द, रेघेखालचे सगळे धोक्यात, हे आम्ही पहिल्या आठवड्यातच शिकलेलो. ते नकाशावर कुठे लिहायचे असते हे कोणाच्या डोक्यातच आले नाही.

नकाशा नगरपालिकेत गेला. तिथून मोजणीदार निघाले, हातात नकाशा आणि मागे रंगाचे दोन डबे घेतलेला शिपाई. हे मोजणीदार म्हणजे आयुष्यभर जमिनी मोजलेला माणूस, सावकाश बोलणारा, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. दारावर लाल पट्टा म्हणजे भोंगा वाजला की घर सोडायचे, ट्रक दाराशी थांबेल. हिरवा पट्टा म्हणजे जागेवर राहायचे आणि लाल दाराच्या माणसांना घरात घ्यायचे. मोजणीदार नदीकडून लाल रंगवत आले आणि आत्याच्या दाराशी येऊन थबकले. नकाशा उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला. मग आत्याचे आणि तिच्या ओळीतली आणखी तीन घरे तशीच सोडून पुढे गेले, आणि पुढच्या घरापासून हिरवा चालू केला.

आत्याने त्यांना हटकलेच. आम्हाला कुठलाच रंग का नाही, म्हणून विचारले. त्यांनी शांतपणे सांगितले, की शेताची मोजणी करताना हद्दीच्या रेघेखालची जमीन ना या शेतात धरतात ना त्या शेतात. तुमची घरे रेघेवर आहेत.

"अहो, रेघेवर कोणी राहतं का?" आत्या म्हणाली.

"मी कुठे म्हटलं राहू नका? राहा की."

ती संध्याकाळी आमच्याकडे येऊन हे सगळे हातवारे करून सांगत होती आणि आमचे हे पोट धरून हसत होते. मला हसू येईना. मी दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितले. त्यांनी कपाळाला हात लावला. मग माझ्याबरोबर गल्लीत आले, चारही घरांपुढून चालले आणि नदीवरच्या पुलाकडे बराच वेळ बघत राहिले. जुना चिखल आला तेव्हा हा पूल नव्हता. आता झाडे येऊन कमानीत अडकली तर चिखल फुगेल आणि बाजूला शिरेल, मग जुना थर कुठे संपला याला काय अर्थ? चारही घरे लाल, असे त्यांनी नगरपालिकेला लिहून कळवले.

पण मोजणीदार काही हलेनात. मी स्वतः त्यांच्या कचेरीत गेले. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिले, आणि सांगितले की लाल पट्टा एकदा लागला की खरवडून निघत नाही, घराला मग कोणी विचारत नाही, पुढे घरवाले माझ्याच नावाने ओरडतात. सभेत ठराव होऊ दे, मग लावतो. सभा कधी, तर अध्यक्ष परगावाहून आले की. माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त ठरावाशिवाय हात उचलायची सवय नव्हती.

आणि ज्या घरासाठी मी खेटे घालत होते तिथली बाई खुशीत होती. लाल दाराच्या घरी गिऱ्हाईक छत्री ठेवायला कचरते, उद्या घरच वाहून गेले तर छत्री कोणाकडे मागायची. गल्लीच्या खालच्या टोकाला एक न्हावी होता, त्याचे दुकान लाल पट्ट्याने निम्मे झाले होते. आत्याने ते पाहिलेले. तिने मोजणीदारांना निरोपही धाडला, की तुमचा रंग वाचवा, मला घाई नाही. आमच्याकडे राहायला ये म्हटले तर म्हणे, छत्र्या कुठे ठेवू, तुझ्या नवऱ्याच्या डोक्यावर?

त्यानंतर डोंगर जागा झाला. आधी सुया दिवसभर थरथरू लागल्या, मग वाफ, मग राख. साहेबांच्या घरचे चांदीचे चमचे काळे पडले. हवेतल्या गंधकाने चांदी काळवंडते, हे तोवर पुस्तकात होते, आता जेवणाच्या टेबलावर आले. एका सकाळी शिखरावरचा थिजलेल्या लाव्हाचा गोळा कोसळला आणि तापलेला लोट पलीकडच्या उतारावरून गेला. गाव वाचले. लोक म्हणाले, झाले, संपले. साहेब म्हणाले, आता सुरू. आमच्या बाजूचा उतारही मऊ राखेने भरला होता आणि ढग वर चढत होते.

नदीच्या दरीत आम्ही दोन तारा ताणल्या होत्या, एक वर आणि एक खाली. लोट आला की तार तुटते आणि वेधशाळेत घंटा वाजते. वरची तुटली की भोंगा वाजवायचा आणि ट्रक सोडायचे. खालची तुटली की कोणी नदीकडे जायचे नाही, गेलेले ट्रकही परत फिरवायचे. नकाशाचे काम तेव्हा बंद होते, म्हणून मला टेलिफोनवर बसवले. नगरपालिकेच्या टोकाला नेमके मोजणीदार.

त्या दुपारी गावात कोरडे होते. राखेमुळे उजेड पिवळट, एवढेच. डोंगर मात्र ढगात बुडाला होता. घंटा वाजली तेव्हा मी दचकलेसुद्धा नाही, इतकी तिची वाट पाहत होते. साहेबांनी आतून मान हलवली. मी फोन उचलला.

"वरची तार तुटली. भोंगा वाजवा."

"वाजवतोय." पलीकडे त्यांनी कोणाला तरी हाक मारली, आणि रिसीव्हरमधून भोंगा ऐकू आला, खिडकीतूनही, जरा उशिराने.

"मोजणीदार, ती चार घरं."

"बाई, ट्रक निघालेत. ड्रायव्हर परगावचे आहेत, लाल दार दिसलं की थांबतात, नाही तर सरळ जातात. आता मी कोणाला गाठू?"

"माझी आत्या आहे तिथे."

"ठाऊक आहे मला."

"ती आपणहून निघणार नाही. हिरव्या दाराची माणसं घरात बसतात, तशी बसेल. तुम्हीच सांगितलंय तिला, राहा म्हणून."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, खुर्ची सरकल्याचा, आणि मग पत्र्याचे झाकण जमिनीवर पडून गोल गोल फिरत राहिल्याचा. मी हॅलो हॅलो करत राहिले. बऱ्याच वेळाने शिपायाने फोन घेतला. मोजणीदार कुठे, तर म्हणे डबा घेऊन पळाले.

मी उठले होते. साहेबांनी माझ्याकडे पाहिले, पण थांब म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर कदाचित मी गेलेच असते. खालची तार अजून शाबूत होती, आणि ती तुटल्याचे सांगायला दुसरे कोणी मोकळे नव्हते. ट्रकमध्ये बसलेली सगळी माणसे त्या फोनवर अवलंबून होती. मी परत बसले. जीव टांगणीला लागणे म्हणतात ते काय असते ते मला त्या खुर्चीत कळले. शेजारच्या खोलीत सुईने रेघ सोडून नुसता काळा पट्टा काढायला घेतला होता.

दुसरी घंटा झाली. मी शिपायाला सांगितले, ट्रक परत फिरवा. तो म्हणाला, तीन आलेत, एक यायचा आहे. कोणता, ते त्याला माहीत नव्हते.

त्या वेळी गल्लीत काय झाले ते आत्याने पुढे इतक्यांदा सांगितले आहे की मी तिथेच होते असे मला वाटते. ती पुढच्या खोलीत मांडीवर गिऱ्हाइकाची छत्री घेऊन बसली होती. खालच्या घरापाशी ट्रक थांबून माणसे चढत होती, आणि हिला वाटत होते, बरे झाले, आपल्याला नाही जायचे. तेवढ्यात मोजणीदार धापा टाकत आले आणि एक शब्द न बोलता दारावर ब्रश फिरवायला लागले.

"अहो, ओला रंग! गिऱ्हाइकाच्या छत्रीला लागेल."

"मावशी, तुम्ही आता लाल. उठा."

"सभा झाली?"

"झाली."

"कधी?"

"आत्ता. पळता पळता."

ते पुढच्या दाराकडे गेले. आत्या म्हणते, त्या माणसाला तिने कधी घाईत पाहिले नव्हते, आणि पहिल्यांदा पाहिले तेव्हा तिचे पाय आपोआप उठले. ट्रक आला, दार लाल दिसले, थांबला. ड्रायव्हर कुरकुरला, मघाशी इथे काही नव्हते म्हणून. चारही घरांतली माणसे चढली, चौथ्या दाराचा पट्टा अर्धाच झाला होता. मोजणीदार मागच्या फळीवर लटकून आले, हातात डबा तसाच, आणि वळणावळणाला तो आत्याच्या लुगड्यावर हिंदकळत होता. ट्रक चौकात पोचला तेव्हा मागे, नदीच्या बाजूने, दगडांनी भरलेली मालगाडी जावी तसा आवाज सुरू झाला.

झाडे पुलाच्या कमानीत अडकली. चिखल फुगला आणि गल्लीत शिरला. आत्याच्या घरात छातीएवढा आला. रेघेपाशी थांबला नाही, पुढच्या दोन हिरव्या घरांच्या अंगणातही गेला. त्या लोकांनी माडीवरून पाहिले. गल्लीत कोणी दगावले नाही. पात्रात वाळू काढणारे काही मजूर मात्र कधीच सापडले नाहीत. ते नदीतच होते, आणि त्यांना रंगवायला दारेच नव्हती.

चिखल घट्ट झाल्यावर आम्ही आत्याचे घर उकरायला गेलो. साहेबही मोजपट्टी घेऊन आले. कामगारांनी परसातून चर खणला तेव्हा त्याच्या भिंतीत दोन्ही थर दिसले, खाली जुना वीतभर, मध्ये माती, वर नवा. साहेब कितीतरी वेळ त्या भिंतीपुढे उकिडवे बसून होते. मी पट्टीचे दुसरे टोक धरले होते. शेवटी म्हणाले, रेघ हलवावी लागेल.

"रेघ हलवा," आत्या वरून म्हणाली, "पण आधी माझं मशीन हलवा."

ते चौघांनी उचलून बाहेर काढले. चाक फिरत नव्हते. आमच्या ओसरीवर बसून ती पुष्कळ दिवस त्यातली रेव टाचणीने काढत होती. मोजणीदार दोनदा येऊन गेले, बसले, पाणी प्यायले. दोघांनी त्या दिवसाचा विषय काढला नाही. ठरावाशिवाय रंग लावला म्हणून सभेत कोणीतरी त्यांना धारेवर धरले, असे मी ऐकले. नंतर तो विषय मिटला.

नव्या नकाशावर मी घरांमधून जाणारी रेघ काढलीच नाही. साहेबांनी हद्द मुख्य रस्त्यावर ठेवली. रस्त्याच्या नदीकडचे सगळे लाल, पलीकडचे सगळे हिरवे, मोजणीदाराला नकाशा फिरवावा लागू नये. हे शहाणपण साधे आहे, आज सगळीकडे तसेच करतात. त्या वेळी त्याची किंमत म्हणून हिरव्या पट्ट्याची कितीतरी घरे एका दिवसात लाल झाली, आणि त्यातली निम्मी माणसे माझ्याशी बोलेनाशी झाली. बाजारात पाठ फिरवायची. जणू मीच त्यांच्या दारात ब्रश घेऊन गेले होते.

त्यातलीच एक बाई एका सकाळी आमच्या ओसरीवर आली. हातात मोडकी छत्री होती, पण ती निमित्त. तिने मला बघून न बघितल्यासारखे केले आणि आत्याला ऐकवायला सुरुवात केली. आमच्या सासऱ्यांनी बांधलेले घर, तिथे कधी थेंबभर चिखल आला नाही, आणि आता लाल पट्टा. तुम्हाला तरी पटते का हे? भोंगा वाजला तरी मी काही निघणार नाही, सांगून ठेवते.

मी आत जायला वळले. आत्याने तिची छत्री घेतली, उघडली, काड्या चाचपल्या.

"निघायला मलाही नकोच होतं," ती म्हणाली. "बस इथे. काय काय हाताशी ठेवायचं ते सांगते. मी एक छत्री घेऊन निघाले, तीही परक्याची."

बाई उभीच होती. मग तिने पायरीवरची राख पदराने झटकली आणि बसली.